इंजिनाच्या केबिनमधली नोकरी

रेल्वेच्या इंजिनात स्टिअरिंग नसते. गाडी कोणत्या रुळावर वळणार, कोणत्या फलाटाला लागणार, लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, किती वेळ पडून राहणार, हे सारे स्टेशन मास्तर आणि विभागाचा कंट्रोल ठरवतात. लोको पायलटच्या हातात दोनच गोष्टी उरतात : वेग आणि ब्रेक. त्यातही वेग वाढवणे सोपे. पाच हजार टनांचा भार नेमक्या जागी, धक्का न देता थांबवणे हे या नोकरीतले खरे काम आहे, आणि या वाटेने जाऊ पाहणाऱ्या तरुणाने ती समजून घेण्याची सुरुवात इथूनच करावी.

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फार थोडे असते. त्यामुळेच इंजिनांची एक जोडी ५८ भरलेल्या वाघिणी ओढून नेते, आणि त्यामुळेच ती गाडी थांबवणे अवघड जाते. ताशी ११० किलोमीटरने धावणारी प्रवासी गाडी आपत्कालीन ब्रेक लावल्यावरही थांबेपर्यंत जवळजवळ किलोमीटरभर जाते. रात्री हेडलाइटच्या झोतात दिसते ते काहीशे मीटर. अडथळा डोळ्यांना दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून गाडी चालते ती सिग्नलच्या भरवशावर. स्टेशनच्या होम सिग्नलआधी किमान एक किलोमीटरवर डिस्टंट सिग्नल असतो. डबल डिस्टंट असलेल्या मार्गावर पहिली सूचना सुमारे दोन किलोमीटर आधीच मिळते. हिरवा, डबल पिवळा, पिवळा आणि लाल या चार संकेतांतून पुढच्या दोन-तीन किलोमीटरचे चित्र चालकाच्या डोक्यात तयार व्हावे लागते.

प्रत्येक सिग्नल दिसताच लोको पायलट आणि सहायक लोको पायलट दोघेही तो मोठ्याने पुकारतात आणि हाताने दाखवतात. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने पडताळून परत म्हणायचे. बाहेरच्या माणसाला हा प्रकार कवायतीसारखा वाटतो. पण रात्री तीन वाजता, सलग चाळीस हिरवे सिग्नल पाहून झाल्यावर एकेचाळिसावा पिवळा असला, तर तो ‘दिसणे’ आणि ‘लक्षात येणे’ यांत फरक पडू शकतो, आणि तो फरक भरून काढण्याचा याहून स्वस्त उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

रस्ता शिकणे

मोटारचालक अनोळखी रस्त्यावर गाडी घालू शकतो, लोको पायलटला तशी परवानगी नाही. नव्या सेक्शनवर स्वतंत्रपणे गाडी घेण्याआधी त्याला ‘रोड लर्निंग’ करावे लागते. सर्वसाधारण नियम तीन फेऱ्यांचा, त्यांतली एक रात्रीची. घाट असेल तर अधिक. त्यानंतर रस्ता माहीत झाल्याचे त्याने सहीनिशी लिहून द्यायचे. बराच काळ त्या सेक्शनवर काम केले नाही तर पुन्हा फेरी मारावी लागते.

रस्ता माहीत असणे म्हणजे स्टेशनांची नावे पाठ असणे नव्हे. चढ कुठे सुरू होतो, उतार कुठे संपतो, कोणता सिग्नल वळणामागे दडलेला आहे, कोणत्या फाटकाजवळ गुरे हमखास रुळावर येतात, विद्युत तारेचा न्यूट्रल सेक्शन कुठे आहे, हे सारे अंगवळणी पडलेले असावे लागते. न्यूट्रल सेक्शनवर तारेत वीज नसते. त्याआधी सर्किट ब्रेकर उघडायचा, गाडी आपल्या वेगात पलीकडे न्यायची आणि मग तो पुन्हा लावायचा. तिथेच गाडी थांबली तर इंजिन निर्जीव होऊन बसते आणि मागची सारी वाहतूक अडते. चढावर सुरुवातीलाच पुरेसा वेग धरला नाही तर भरलेली मालगाडी मध्येच ‘स्टॉल’ होते, म्हणजे ओढ कमी पडून चढावरच अडकते. या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात, हातात मात्र फेऱ्यांनीच येतात.

महाराष्ट्रात याची सर्वांत कठीण परीक्षा घाटात होते. भोर घाटात कर्जत ते लोणावळा आणि थळ घाटात कसारा ते इगतपुरी या दोन्ही ठिकाणी चढ १:३७ आहे, म्हणजे दर ३७ मीटरमागे एक मीटर उंची. गोव्याच्या वाटेवर कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाटही त्याच तोडीचा. चढताना कर्जतला किंवा कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडली जातात. पुढचे ओढते, मागची ढकलतात. दोन्ही टोकांच्या चालकांना एकमेकांचा वेग सांभाळावा लागतो, नाहीतर मधल्या डब्यांवर ताण येऊन कपलिंग तुटते. प्रवाशांना चढ कठीण वाटतो, चालकांना उतार. उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला सतत पुढे रेटत असते. ब्रेक जास्त वेळ घट्ट धरले तर चाके तापतात, आणि वारंवार लावून सोडले तर ब्रेक पाइपमधला हवेचा दाब भरून यायला वेळच मिळत नाही. म्हणून आधुनिक विद्युत इंजिनांत शक्यतो मोटरच्या साह्याने वेग रोखतात आणि हवेचे ब्रेक राखून ठेवतात. घाटातल्या कॅच साइडिंग याच भीतीपोटी बांधलेल्या आहेत. तिथला काटा एरवी साइडिंगच्या बाजूला लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी चढाच्या साइडिंगमध्ये शिरून थांबावी, हा हेतू.

कोकण रेल्वेवर अडचण वेगळी. पावसाळ्यात तिथे स्वतंत्र वेळापत्रक लागते आणि वेग उतरवले जातात. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे कारवारहून मुंबईला येणारी विशेष गाडी घसरली आणि ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पावसाळ्यात कोकणातली गाडी उशिरा येते म्हणून कुरकुरणाऱ्याला ही तारीख सांगावी.

कॉल आल्यापासून साइन ऑफपर्यंत

मालगाडीच्या चालकाचा दिवस सूर्याप्रमाणे सुरू होत नाही, तो कॉलने सुरू होतो. साधारण दोन तास आधी फोन येतो : अमुक वाजता लॉबीत हजर व्हा. पूर्वी कॉल-बॉय दारावर येऊन वहीवर सही घेत असे, आता संगणकीय क्रू मॅनेजमेंट प्रणालीतून निरोप येतो. लॉबीत पोहोचल्यावर ‘साइन ऑन’, म्हणजे हजेरी, आणि लगेच ब्रेथलायझरवर श्वासाची तपासणी. त्यात दारूचा अंश सापडला तर त्या दिवसाची ड्यूटी तर जातेच, पुढे विभागीय कारवाईही होते. मग कॉशन ऑर्डर घ्यायची. कुठे रुळांचे काम चालू आहे, कुठे पुलावर ताशी ३० ची मर्यादा आहे, कुठे शिटी वाजवत जायचे, याचा तो कागद असतो. नवी परिपत्रके वाचून सही करायची. स्वतःचा मोबाइल गाडी चालवताना बंद.

यानंतर इंजिनाचा ताबा. आधीच्या चालकाने लॉगबुकात काय लिहिले आहे ते पाहणे, वाळू, शिटी, दिवे, ब्रेक तपासणे, गाडीचे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट वैध आहे का ते बघणे. ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो दाब भरेपर्यंत गाडी हलवायची नाही. सुटल्यानंतर पहिल्या योग्य जागी ब्रेक लावून गाडी प्रत्यक्षात किती प्रतिसाद देते ते पाहतात. याला ब्रेक फील टेस्ट म्हणतात. कागदावर सर्व ठीक असलेल्या दोन गाड्या हाताला अगदी वेगवेगळ्या लागतात, त्यामुळे जाणता चालक ही चाचणी कधी टाळत नाही.

गाडी उभी करून उतरतानाही तितकीच काळजी लागते. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआ स्थानकात उभी असलेली मालगाडी चालकाविना उताराला लागली आणि सुमारे ७० किलोमीटर धावून पंजाबात थांबवावी लागली. हँडब्रेक आणि चाकांखालच्या अडणी यांकडे दुर्लक्ष झाले होते. जीवितहानी झाली नाही, हे केवळ नशीब.

मालगाडीत वेळेचा हिशेब कोणी देऊ शकत नाही. मागून मेल येत असेल तर मालगाडी लूपमध्ये जाते, आणि त्या मेलमागे दुसरी असेल तर तिथेच राहते. दीडशे किलोमीटरच्या अंतराला कधी चार तास लागतात, कधी दहा. टोकाला पोहोचून साइन ऑफ केले की रनिंग रूम. इथे पलंग, स्वच्छ चादर, सवलतीतले जेवण मिळते. बहुतेक मोठ्या ठिकाणी आता वातानुकूलन आहे. तिथून परतीची गाडी मिळेपर्यंत विश्रांती. गाडी नसेल तर दुसऱ्या गाडीत बसून ‘स्पेअर’ म्हणून मुख्यालयी परत यायचे.

मेल-एक्स्प्रेसच्या चालकांना ‘लिंक’ असते, म्हणजे कोणत्या दिवशी कोणती गाडी हे आधी ठरलेले. मालगाडीवर अनेक वर्षे काढल्यानंतर लिंक मिळते तेव्हा घरच्या लग्नकार्याला ‘येतो’ असे सांगण्याची सोय होते.

झोप

या नोकरीतली सर्वांत मोठी अडचण कोणती, असे विचारले तर पगार, ऊन, आवाज यांच्या आधी झोप येते. नियम असे आहेत : गाडी सुटल्यापासून सलग ड्यूटी सर्वसाधारणपणे नऊ तासांहून अधिक नसावी, वाढवायची झाल्यास आधी सूचना द्यावी आणि साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत अकरा तासांची मर्यादा पाळावी. आठ तास किंवा अधिक काम झाले असेल तर मुख्यालयी १६ तास विश्रांती, त्याहून कमी असेल तर १२. महिन्यातून ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच मोठ्या विश्रांती, त्यांत पूर्ण रात्र यावी. हे ३० तास त्या १६ तासांसह धरायचे की वेगळे, यावरून चालकांच्या संघटना आणि प्रशासन यांचा वाद जुना आहे. १६ अधिक ३० असे ४६ तास मिळावेत ही संघटनांची मागणी. सलग किती रात्री काम द्यावे यावरही असाच वाद आहे.

आकडे वाचताना ही विश्रांती भरपूर वाटते. अडचण तिच्या वेळेत आहे. सकाळी दहा वाजता घरी आलेल्या माणसाला सोळा तासांनी, म्हणजे रात्री दोन वाजता, पुन्हा कॉल येऊ शकतो. मधल्या दिवसात मुले शाळेतून येतात, दारावर भाजीवाला येतो, शेजारी लग्नाचा मांडव असतो, मे महिन्यात भुसावळला पत्रा तापतो. शरीर रात्रीच्या झोपेसाठी घडलेले आहे. दुपारी काढलेली सहा तासांची झोप रात्रीच्या सहा तासांची जागा घेत नाही. पहाटे तीन ते सहा हा काळ सर्वांत वाईट, कारण तेव्हा शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात.

इंजिनात व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस असते. सुमारे ६० सेकंद चालकाने कोणतीही हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरी प्रतिसाद नसेल तर ब्रेक आपोआप लागतात. हे यंत्र उपयोगाचे आहे, पण त्याच्यावर विसंबून राहण्यासारखे नाही. पेंगुळलेला हात सवयीने बटण दाबतो आणि डोके तसेच झोपलेले राहते, हे रात्रपाळीच्या कोणालाही समजेल.

म्हणून उमेदवाराने स्वतःला विचारायचा प्रश्न असा : दिवसा झोप लागते का? परीक्षेच्या रात्री जागणे वेगळे आणि महिन्यातल्या दहा-बारा रात्री, वर्षानुवर्षे, पहाटे लाल दिवा ओळखण्याइतके जागे राहणे वेगळे. अंधाऱ्या, थंड खोलीची सोय, फोन बंद, झोपेआधी चहा नाही, ड्यूटीला जाताना हलके जेवण, आणि घरच्यांना दिवसा उठवू नका हे पटवून देणे, ही पथ्ये पाळणाऱ्यांचीच प्रकृती चाळिशीनंतर टिकते. मधुमेह, रक्तदाब आणि पोटाच्या तक्रारी या वर्गात नेहमीच्याच आहेत, आणि वैद्यकीय तपासणीत त्या लपत नाहीत. ही तपासणी ४५ व्या वर्षापर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. त्यात नापास झालेल्याला नोकरीवरून काढत नाहीत, पण गाडीवरून उतरवून दुसरे काम देतात.

जाहिरातीत न लिहिलेल्या गोष्टी

बहुसंख्य इंजिनांत स्वच्छतागृह नाही. नव्या काही इंजिनांत सोय होऊ लागली आहे, केबिनही हळूहळू वातानुकूलित होत आहेत, पण आजही सहा-सात तासांच्या फेरीत पाणी बेताने पिण्याची सवय अनेकांनी लावून घेतली आहे. ती मूत्रपिंडांना चांगली नाही. महिला चालकांना याचा त्रास दुप्पट होतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकात या कामात आल्या तेव्हा भारतात दुसरी महिला चालक नव्हती. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन घाटातून मुंबईला आणली आणि २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवली. आता महिला चालकांची संख्या बरीच वाढली आहे, सोयी मात्र त्या गतीने वाढलेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक जड. बहुतेक प्रत्येक चालकाच्या गाडीखाली नोकरीच्या काळात कधी ना कधी माणूस येतो. कोणी रूळ ओलांडताना, कोणी कानात इअरफोन घालून, कोणी ठरवून. चालक शिटी वाजवतो, ब्रेक लावतो आणि पुढे काय होणार हे कळत असताना बघत राहतो, कारण वळवायला स्टिअरिंग नाही. ८ मे २०२० ला पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मरण पावले. चालकाने त्यांना पाहून गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला होता. मुंबईच्या लोकल चालवणाऱ्या मोटरमनला हा प्रसंग इतरांपेक्षा जास्त वेळा येतो. घटना घडल्यावर गाडी थांबवायची, कंट्रोलला आणि पुढच्या स्टेशनला कळवायचे, मेमो द्यायचा, आणि बहुतेक वेळा तीच गाडी पुढे न्यायची. कायद्याने चालक दोषी नसतो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रुळांवर विनापरवाना जाणे हाच गुन्हा आहे. मनाचे काय करायचे हे कलमात नाही. ज्या लॉबीत जुने चालक नव्याशी याबद्दल उघडपणे बोलतात तिथे माणसे लवकर सावरतात. गप्प बसून दारूकडे वळणाऱ्याला ब्रेथलायझर एक दिवस गाठतोच.

मोटरमनचे आयुष्य इतर बाबतींत सोपे म्हणावे लागेल. तो रोज घरी परततो, जेवण घरचे. पण केबिनमध्ये तो एकटा असतो, सिग्नल पुकारायला सहायक नाही. दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन, १२ किंवा १५ डब्यांची गाडी ठरल्या खुणेवर उभी करायची, मागच्या गार्डची (२०२२ पासून अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर) दोन टोल्यांची घंटा मिळाली की निघायचे. हँडलवरचा हात सुटला तर ‘डेड मॅन्स हँडल’मुळे गाडी थांबते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ऑक्झिलिअरी वॉर्निंग सिस्टिम आहे. लाल सिग्नल ओलांडला तर ती ब्रेक लावते.

चूक आणि चौकशी

लाल सिग्नल ओलांडण्याला रेल्वेच्या भाषेत ‘स्पॅड’ म्हणतात आणि चालकाच्या कारकिर्दीत त्याहून मोठा शब्द नाही. अपघात झाला नाही, गाडी वीस मीटर पुढे जाऊन थांबली, तरी तो स्पॅडच. लगेच गाडीवरून उतरवतात, निलंबन होते आणि शिक्षा नोकरी जाण्यापर्यंत पोहोचू शकते. इंजिनातील नोंदयंत्र दर क्षणाचा वेग सांगते, नव्या इंजिनांत केबिनमधला आवाज आणि चित्रही साठवले जाते, त्यामुळे ‘ब्रेक लावला होता’ असे नुसते म्हणून चालत नाही. उलट चालकाने खरोखर ब्रेक लावला असेल तर हीच नोंद त्याला वाचवते.

नियम बारकाईने माहीत असणे हे इथे स्वसंरक्षण आहे. स्वयंचलित सिग्नलच्या मार्गावर लाल सिग्नल मिळाला तर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबून पुढे जाता येते, पण ताशी १५ किलोमीटरच्या आत, आणि पुढचे नीट दिसत नसेल तर १० च्या आत. सिग्नल बिघडल्यावर स्टेशन मास्तर लेखी परवानगी देतो. कोणता फॉर्म कोणत्या वेगाला मुभा देतो हे चालकाला पाठ असावे लागते. १७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ मालगाडी कंचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. मालगाडीचा लोको पायलटही त्यात गेला, आणि काही तासांतच दोष त्याच्यावर टाकला गेला. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसले की त्याला दिलेल्या मेमोत वेगाची मर्यादाच लिहिलेली नव्हती आणि अशा परिस्थितीचे प्रशिक्षणही पुरेसे दिले गेले नव्हते. यातून नव्या चालकाने घ्यायचे ते एवढेच : कागद अपुरा वाटला तर सही करण्याआधी विचारावे, उशीर झाला तरी चालेल.

‘कवच’ ही स्वदेशी प्रणाली अशा चुका रोखण्यासाठी आहे. लाल सिग्नलकडे जाणारी गाडी चालकाने थांबवली नाही तर ती थांबवते, सिग्नलचा रंग केबिनमध्येच दाखवते. ती अजून थोड्याच मार्गांवर आहे. उत्तरेकडच्या धुक्यात आजही जीपीएसवर चालणारे फॉग सेफ डिव्हाइस आणि रुळावर ठेवलेले फटाके यांचाच आधार असतो.

पगार, बढती आणि प्रवेश

भरती सहायक लोको पायलट या पदावर होते. सातव्या वेतन आयोगानुसार स्तर २, सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, आणि या वर्गाचे वैशिष्ट्य म्हणजे रनिंग अलाउन्स, जो चालवलेल्या किलोमीटरवर मिळतो. रनिंग स्टाफच्या मूळ वेतनाचा ३० टक्के भाग अनेक हिशेबांत वेतन म्हणून धरला जातो, निवृत्तिवेतनासाठी ५५ टक्के. हातात येणारी रक्कम त्यामुळे बऱ्यापैकी असते, पण गाडीवर गेले नाही तर किलोमीटर नाहीत, हे ध्यानात ठेवून कर्जाचे हप्ते ठरवावेत. पुढे वरिष्ठ सहायक, मग शंटिंग, मग मालगाडीचा लोको पायलट. इथे स्तर ६, मूळ वेतन ३५,४०० पासून. पॅसेंजर आणि मेल-एक्स्प्रेसचा स्तर तोच, मेलला वेगळा भत्ता. मोटरमन होण्यासाठी आणि ताशी ११० हून अधिक वेगाच्या गाड्यांसाठी मानसशास्त्रीय चाचणी पार करावी लागते. अनुभवी चालकांतून लोको इन्स्पेक्टर निवडले जातात, जे नव्यांना गाडीवर शिकवतात. बढतीचा वेग विभागावर अवलंबून असतो. एकाच तुकडीतला एक जण मालगाडीवर पोहोचतो तेव्हा दुसऱ्या विभागातला मित्र अजून सहायकच असतो.

पात्रता दहावी आणि ठरावीक ट्रेडमधला आयटीआय (फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट इत्यादी), किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइल यांतला डिप्लोमा अथवा पदवी. वय सामान्यतः १८ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत. २०१८ नंतर थेट २०२४ मध्ये भरती निघाली. आधी ५,६९६ जागा जाहीर झाल्या आणि नंतर त्या १८,७९९ वर गेल्या. २०२५ च्या जाहिरातीत ९,९७० जागा होत्या. परीक्षा पाच टप्प्यांची : दोन संगणकीय परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, कागदपत्रे, आणि वैद्यकीय तपासणी. पहिल्या दोन परीक्षा मराठीतून देता येतात, पण अभियोग्यता चाचणी फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते, हे ऐनवेळी कळून मराठी मुलांची धांदल उडते. या चाचणीत स्मरण, सूचनांचे पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि आकलनाचा वेग असे पाच भाग असतात. प्रत्येकात किमान ४२ टी-गुण लागतात आणि यात कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. अंतिम यादीत दुसऱ्या परीक्षेच्या पहिल्या भागाला ७० आणि या चाचणीला ३० टक्के वजन असते. म्हणजे गणित-विज्ञानात चांगला असलेला पण एका भागात ४१ वर अडकलेला उमेदवार बाहेर जातो. सरावाचे नमुने आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

बरेच उमेदवार मात्र डोळ्यांपाशी फसतात. वैद्यकीय दर्जा ए-१ लागतो : चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची दूरदृष्टी ६/६, जवळची दृष्टी ०.६, शिवाय रंगदृष्टी, द्विनेत्री दृष्टी आणि रात्रीच्या अंधुक उजेडातली दृष्टी यांच्या चाचण्या. चष्मा घालवण्यासाठी लेसिक शस्त्रक्रिया करून घेतलेला उमेदवार कायमचा अपात्र ठरतो, आणि ही गोष्ट शस्त्रक्रिया झाल्यावर कळणाऱ्यांची संख्या कमी नाही. रंगांधळेपणा तर कित्येकांना स्वतःलाच ठाऊक नसतो. क्लासची फी, दोन वर्षांची तयारी आणि दोन परीक्षांतले यश यांनंतर रेल्वेच्या रुग्णालयात ‘अनफिट’ ऐकण्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा पुस्तिकेवर रंग आणि तक्त्यावर दृष्टी आधीच तपासून घ्यावी. ती तपासणी जिल्हा रुग्णालयातही होते. तीत कमी पडणाऱ्यासाठी रेल्वेत टेक्निशियन आणि ज्युनिअर इंजिनिअर या पदांच्या भरती असतात, ज्यांतल्या बऱ्याच पदांना ए-१ लागत नाही. अर्ज त्यांचा भरावा.